बेबेके म्हणजे गेलाय

मित्रांनो, मी एका जुन्या ग्रीक क्रियापदाचे रूप आहे. माझे नाव बेबेके. 'बे एके बे' म्हणत वाढलेल्या तुम्हाला हसू येईल, खुशाल हसा. पाऊल टाकणे हा माझा धातू. त्याचे पहिले अक्षर दोनदा म्हटले की मी घडू लागते. जे घडून गेले पण ज्याची खूण अजून तशीच आहे, ते सांगणे हे माझे काम. म्हणून माझे अर्थ दोन: तो गेला आहे, आणि तो पाऊल रोवून उभा आहे.

पूर्वी नाटकातले दूत मला घेऊन धावत येत. मी कानी पडताच घरातल्या बायका रडू लागत. माझा तेव्हा मोठा मान होता. पुढे बोलणारेच संपले आणि मी व्याकरणाच्या पुस्तकात पडून राहिले. फार एकटे वाटे.

मनोरीच्या कोळीवाड्यातल्या कल्पिताने मला बाहेर काढले. ती वांद्र्याला ग्रीक शिकायला जाते. तिचे वडील महादू मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. होडी तेवढी सापडली. काका दशरथ तिच्या आईला, मथुराला, सारखे समजावत, "वयनी, आता बोल ना, दादा गेला. दिवस तरी घालू."

सुकट निवडता निवडता मथुरा म्हणे, "गेला नाय. गेलाय."

त्या एका 'य'पाशी सगळे अडले होते. मला तो 'य' फार जवळचा वाटे.

शेवटी काकांनी कल्पितालाच गळ घातली. संध्याकाळी ती आईजवळ बसली. थेट बोलायचा धीर होईना, म्हणून तिने माझा आडोसा घेतला.

"आये, ग्रीकमध्ये बाबांबद्दल 'बेबेके' म्हणतात."

"म्हंजे मेला?"

"गेलाय. नाहीतर... उभा आहे."

"कुठं?"

कल्पिताने दाराकडे पाहिले. दाराशी खारट, ओला वास आला. उंबऱ्यावरचे मांजर उठून बाजूला झाले, कोणाला तरी वाट द्यावी तसे. मला पहिल्यांदाच माझी भीती वाटली.

सकाळी काका भटजींना घेऊन आले. अंगण कोरडे ठणठणीत होते. उंबऱ्याच्या आत मात्र दोन ओली पावले होती, घराकडे तोंड केलेली. मथुरा चहाचा एक कप जास्त भरत होती.

"भावजी, बाजूनं ये," ती म्हणाली. "तो उभा हाय."

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मला उच्चारताना तुम्ही जपा. ती पावले अजून वाळलेली नाहीत.