बिजागऱ्या कुठल्या बाजूला

वहीच्या उजव्या पानावर खोडरबराचे सात कण पडले होते. समोर पुठ्ठ्याचा पडदा उभा असल्यामुळे ते फक्त थोरलीलाच दिसत होते.

ती प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे आकडा चुकला तर पुसायचा नसतो; त्यावर एक सरळ रेघ मारून बाजूला सही करायची असते. एकोणीस वर्षांत तिने कुठल्याच नोंदीला रबर लावला नव्हता. आज लावला.

दर शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर हा खेळ रंगायचा. गोष्टीतलं जग थोरलीचं. समोर काय आहे ते ती सांगायची. बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करणार ते सांगायचे, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. नियम तिनेच लिहिले होते, चांगली एकशे बारा पानं. सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग शिवणकाम करणारी धाकटी बहीण खेळायला आली, नियमांचं पहिलं पानसुद्धा न वाचता.

तेव्हापासून शेजारचा वायरमन आणि घरातली वहिनी थोरलीकडे बघेनासे झाले. धाकटीने तोंड उघडायच्या आधीच दोघांचे चेहरे खुलायचे. "एकदा हिला चालवू द्या ना खेळ," वहिनी तीन महिने म्हणत होती. थोरली "बघू" म्हणत होती. खेळ चालवायची खुर्ची गेली तर आपलं ऐकायला कोण बसणार?

आज गोष्टीतल्या वाटेत लोखंडी दार होतं. कुलूप तोडायला फाशावर अठरा किंवा जास्त हवेत, असा नियम. वायरमनला चार पडले, वहिनीला नऊ.

"ताई, दार कुणीकडे उघडतं गं?" धाकटीने विचारलं.

थोरलीने वहीत पाहिलं. "बाहेर. आपल्याकडे."

"मग बिजागऱ्या आपल्याच बाजूला! कुलपाशी कशाला झटापट? खिळी काढू आणि दार उचलून ठेवू बाजूला."

"अगं, तू चोर व्हायचीस, चुकून शिंपीण झालीस!" वायरमनने टेबलावर थाप मारली. वहिनी हसून हसून बेजार.

थोरलीच्या पोटात दुखलं. युक्ती चुकीची असती तर सोसलं असतं. तिने पेन्सिलीचं 'बाहेर' पुसलं आणि 'आत' लिहिलं.

"मी चुकीचं वाचलं. दार आत उघडतं. बिजागऱ्या पलीकडे आहेत."

"मघाशी तर..." वायरमन पुटपुटला.

"असू दे रे," धाकटी म्हणाली. "ताईच्या वहीत असेल तेच खरं. ती आकड्यांची माणूस आहे, उगाच काही लिहीत नाही." आणि तिने फासा उचलला.

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण धाकटी मनापासून बोलत होती.

थोरलीने बोटाच्या टोकाने सातही कण टिपले. 'आत'वर सरळ रेघ मारली, वर 'बाहेर' लिहिलं, बाजूला सही केली. जळफळाट होता तिथेच होता.

"फासा ठेव खाली," ती म्हणाली. "दार बाहेरच उघडतं. बिजागऱ्या निघाल्या." मग पडद्याची घडी घालून तिने तो धाकटीपुढे सरकवला. "आणि पुढच्या शनिवारपासून खेळ तू चालव."