इंजिनापुढची ताटी

रेवा रडत होती तोवर मला धीर होता. अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूर मागे पडलं आणि थोड्याच वेळात तिचं रडणं थांबलं.

रेवा म्हणजे आमच्या मनोजची लेक, चौदा महिन्यांची. मनोज आणि सून प्रतीक्षा अमरावतीला नोकरीला, पोरगी आठवडाभर आमच्याकडे राहायला आलेली. रात्रीपासून तिला जुलाब लागले. सकाळी डॉक्टरांनी दोन्ही हातांना सुई टोचून पाहिली आणि शेवटी म्हणाले, "अंगातलं पाणी फार कमी झालंय, शीर सापडत नाही. अमरावतीला लहान मुलांच्या दवाखान्यात न्या. उशीर करू नका." माझ्या नवऱ्याने, पंजाबरावांनी, आमची जुनी गाडी काढली. मे महिन्याचं ऊन, बाहेर डोळे उघडवत नव्हते.

"बेबी, काटा चढून राहिला," हे मला म्हणाले.

"चढू द्या. थांबू नोका."

इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेला टेकला. एसीतून गरम वाफा यायला लागल्या आणि बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ निघाली. मग थांबावंच लागलं. रस्त्याकडेला एक बाभूळ होती, तिच्या विरळ सावलीत गाडी उभी केली. अँब्युलन्सवाल्यांनी फोनवर पाऊण तास सांगितला. मी रेवाला कडेवर घेऊन येणाऱ्या गाड्यांना हात केले, पण त्या भरधाव निघून जात होत्या. पोरीची मान माझ्या खांद्यावर सैल पडली होती.

तेवढ्यात यांनी बॉनेट उघडलं आणि हातावर गळ्यातला दुपट्टा गुंडाळून रेडिएटरचं झाकण पिळायला निघाले.

"हात नोका लावू! उकळतं पाणी तोंडावर येईन. मंग मी दोन पेशंट कसे नेऊ?"

बडनेऱ्याचा परवेज आमच्या गाडीचं काम करतो. त्याला फोन लावला.

"काकू, खाली पाणी गळून राहिलं काय?"

"नाही."

"समोरचा पंखा?"

"फिरून राहिला."

"मंग गरम कावून होईन? हवा अडून राहिली असन. जाळीत प्लास्टिकची पन्नी, कचरा काही अडकला काय, पाहा."

हवेचं नाव निघालं आणि हे एकदम रस्त्याकडे पाहू लागले. पस्तीस वर्षांच्या संसारात हा चेहरा मी ओळखून आहे. आणि मघापासून नाकात घोळणारा वास, मला वाटला तसा, जळक्या रबराचा नव्हता. वाळ्याचा होता.

"अजी, समोर काय बांधलं तुमी?"

"ताटी," हे पुटपुटले. "कूलरची. सकाळी ओली करून बांधली. मले वाटलं, पोरीले गार हवा लागन."

यांचं कूलरचं दुकान आहे. उन्हाळाभर वाळ्याच्या ताट्या भरायच्या आणि ओल्या ताटीने जगातली कोणतीही गरमी उतरते असं गिऱ्हाइकाला सांगायचं, हाच धंदा. यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसलेला. पण ताटी ओली किती वेळ राहणार? ऊन आणि इंजिनाच्या धगीत ती वाळली, वर रस्त्याची धूळ बसली आणि इंजिनाची हवाच बंद झाली.

माझ्या तोंडात काय काय आलं होतं! पण रेवाचे डोळे अर्धवट उघडे होते, ओठ पांढरे पडले होते. भांडायला वेळ नव्हता.

यांनी पकडीने ताटीच्या तारा तोडल्या. बोटं भाजली तरी ताटी ओढून काढली. तिकडून परवेज सांगत होता, "झाकणाले हात लावता आला पाहिजे, तवाच उघडा. मंग हळूहळू पाणी टाका. निघताना एसी बंद आणि हीटर फुल्ल."

"हीटर? या उन्हात?"

"इंजिनाची गरमी आत ओढते ते, काकू. काटा खाली राहीन."

आमच्याजवळ पाण्याची एक कॅन होती.

"सगळं गाडीले लागन," हे म्हणाले.

"अर्धं ताटीवर टाका. गाडीले कमी पडलं तर पाहू."

यांनी ताटी भिजवली आणि खिडकीला लावून धरली. बाहेरची गरम लू आरपार आली ती गार होऊन, ओल्या मातीच्या वासाची. मी रेवाला त्या वाऱ्यात धरलं आणि बाटलीतलं साखर-मिठाचं पाणी चमच्याने ओठांवर सोडत राहिले. ते गालावरून ओघळून जाई. मी तिच्या नावाने हाका मारत होते, आणि हे बाहेर उन्हात ताटी धरून उभे होते. कितीतरी वेळाने तिने एक घोट गिळला. मी लगेच पुढचा चमचा भरला.

झाकण निवलं. उरलेलं पाणी जेमतेम पुरलं आणि आम्ही निघालो. पुढे भट्टीसारखा हीटर, सगळ्या काचा खाली, यांच्या मानेवरून घामाच्या धारा. मागे मी एका हाताने ताटी खिडकीला दाबून बसले होते. काटा पुन्हा चढतो की काय, म्हणून बडनेरा येईपर्यंत आम्हा दोघांची नजर त्याच्यावरच होती.

दवाखान्यात नर्सने शीर शोधायला रेवाची मूठ उघडली. आत वाळ्याची एक ओली काडी होती, घट्ट धरलेली. खिडकीपाशी धरली होती तेव्हा कधी तोडली कोण जाणे. नर्सने ती काढायला हात लावला आणि रेवाने भोकाड पसरलं. सकाळपासून ती कोरडीच रडत होती, या वेळी डोळ्यांतून पाणी आलं.

"रडू द्या," नर्स म्हणाली. "सापडली शीर."

हे भिंतीला टेकून खाली बसले आणि भाजलेल्या बोटांनी तोंड झाकून हुंदके देऊ लागले. वाटभर यांच्यासाठी जपून आणलेल्या शिव्या माझ्या तोंडात तशाच होत्या. मी यांच्याजवळ जाऊन खाली बसले.

"दाखवा बरं बोटं," मी म्हटलं.