आहेरात फिरलेलं पुस्तक

मी आहे पुस्तकच, पण बरीच वर्षं लोक मला ‘आहेर’ म्हणूनच ओळखत होते. मराठवाड्याचा इतिहास, राजकारण, लोकजीवन हा माझा विषय. कव्हर साधं, मातकट. माझ्या लेखकानं गावोगाव हिंडून मला लिहिलं. गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानातून निघालो तो थेट मांडवात. तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या. दर लग्नात कागद नवा. उघडलं मात्र कुणीच नाही. आहेराच्या साडीची निदान घडी तरी मोडून बघतात.

शेवटी शिवराज-मंजुषाच्या लग्नात आलो. पत्रिकेत छापलं होतं, ‘आहेर नको, आपल्या भागाबद्दलचं पुस्तक द्या.’ पाहुणे बहुधा सगळे एकाच दुकानात गेले. किल्ला-तलवारीच्या चकचकीत कव्हरचं एकच पुस्तक, त्याचा ढीग झाला. फ्लॅटच्या शोकेसमध्ये कप्पा एकच. मंजुषाच्या सासूबाईंनी, म्हणजे लक्ष्मीबाईंनी, तिथं चकचकीत प्रती मांडल्या आणि मला बाजूला काढलं. नात्यातल्या अप्पारावांच्या मुलीचं, मोनालीचं, लग्न तोंडावर होतं. लक्ष्मीबाई रंगीत कागद शोधायला आत गेल्या, तेव्हाच मी समजलो.

मंजुषा माहेरची पाचोडची. नवी सून, बोलणं मोजकं. तिनं चकचकीत पुस्तक उघडून आधी पाचोड शोधलं. आपल्याला ठाऊक आहे ते खरं लिहिलंय का, हे बघितलं की बाकीच्यावर किती विश्वास टाकायचा ते कळतं. पाचोड नव्हतंच. राजे सगळे शूर, लढाया सगळ्या मोठ्या, आणि हे कुणी सांगितलं त्याचा पत्ता नाही.

मग तिनं मला उघडलं. पाठ कडकन वाजली. पहिल्यांदाच उघडत होतो ना. पाचोडचा बाजार होता, तिथं कोण कुठं बसायचं ते होतं, आणि खाली लेखकानं लिहिलं होतं, ‘याबद्दल गावात दोन मतं आहेत. मला ठरवता आलं नाही.’ ती गालातल्या गालात हसली.

लक्ष्मीबाई कागद घेऊन आल्या.

“आई, हे नाही द्यायचं. मला वाचायचंय.”

सुनेचा त्या घरातला हा पहिला नकार. शिवराजनं मोबाइलमधून मान वर केली.

“लग्नात नाव घ्यायला लाजत होतीस, अन् पुस्तकापायी बोलायलीस व्हय?” लक्ष्मीबाई म्हणाल्या. कागद तसाच हातात. मग खाली बसत विचारलं, “आमचं पिशोर हाय का त्याच्यात?”

होतं. मोनालीला काय गेलं, ते सांगायला नको.

हल्ली माझा मुक्काम स्वयंपाकघरात असतो. एका पानाला हळद लागलीय. दुपारी मंजुषा वाचते, लक्ष्मीबाई लसूण सोलता सोलता माझ्याशी भांडतात, “तसं नव्हतं बाई, माझी सासू येगळंच सांगायची.”

वाचकहो, पुस्तक घेताना त्यात आपलं गाव काढून बघा, एवढंच मागणं. आणि पोरी, तुझे उपकार कसे फेडू? तू पेन्सिल घेऊन बसतेस, आणि लेखकानं मोकळ्या सोडलेल्या माझ्या समासात लक्ष्मीबाईंचं पिशोर भरत जातं.