ओल्या फडक्यातला गठ्ठा

एकोणीसशे सत्तावन्न सालच्या चैत्रात पोचू नावाच्या शेतकऱ्यानं सिरोंच्याच्या जंगलनाक्यावर बैलगाडीतून एक मोडकी पेटी आणून उतरवली. आभाळातून शेतात पडली, वर पांढरं छत्र होतं, असं तो अर्ध्या तेलुगूत सांगत होता. नाक्याचे गार्ड नानाजी अजून कच्च्या नोकरीवर. सरकारी शिक्का दिसला की ते आधी टोपी नीट करत. पेटीवर तीन भाषांत चिठ्ठी होती: हैदराबादहून उडवलेल्या फुग्याचं सामान आहे, आतला काळा गठ्ठा उघडू नये, थंड जागी ठेवावा, तार करावी. नानाजींनी तार केली आणि गठ्ठा बायकोच्या, इंदूच्या हवाली केला.

इंदूनं संक्रांतीला नेम धरला होता, वर्षभर खोटं बोलायचं नाही. शेजारणींनी कुणी भात सोडला, कुणी गोड. ही म्हणाली, माझ्या जिभेलाच धाक हवा. रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती घोटही घेत नसे. चैत्रात त्या घरात थंड जागा एकच, रांजणाखालची वाळू. पूजेची विड्याची पानं ती ओल्या फडक्यात गुंडाळून तिथं ठेवी. आठ-आठ दिवस टवटवीत राहत. गठ्ठाही तिनं तसाच ठेवला. सकाळी तुळस झाली की फडकं भिजवायचं, तिन्हीसांजेला दिवा लागला की पुन्हा. पाच दिवसांत एक वेळ चुकली नाही.

सहाव्या दिवशी उलट तार आली: ओल लागू देऊ नका, उद्या येतो.

नानाजी तार घेऊन रांजणाकडे आले. मग म्हणाले, "फडकं काढ. उद्यापर्यंत वाळते. साहेबानं इचारलं तर सावलीत ठेवलं म्हन. हे काई खोटं नाई."

"सावलीत होतं, खरं हाय. पन मी त्याले रोज दोनदा पानी पाजलं, हे बी खरंच हाय."

"नेम तुहा, नोकरी माही," नानाजी म्हणाले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी इंदूनं तुळशीला पाणी घातलं, पण फडकं भिजवलं नाही; ते तिनं कालच सोडलं होतं.

दुपारी गोदावरी डोंग्यातून ओलांडून गुणवंतराव आले. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कामाला, पण मूळचे नागभीडचे. घरची बोली कानी पडताच खुलले. गठ्ठा हातात फिरवून पाहिला. कोरडा होता. वहीत लिहू लागले, तसे नानाजी म्हणाले, सावलीत होता साहेब.

इंदू चहाची कपबशी घेऊन दारातच थांबली.

"लिवू नका भाऊ. अजून सांगाचं राह्यलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. गुणवंतरावांनी वहीतली ओळ खोडली. मग एकेक विचारत गेले: कितीदा भिजवला, वाळूकडे कोणती बाजू होती, रांजण पाझरत होता का. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मध्येच नानाजी बोलले, "चूक माही हाय साहेब. तिले मीच ठेवाले देल्लं."

गुणवंतरावांनी मग समजावलं. गठ्ठ्यात फोटोच्या फिल्मवर असतो तशा रासायनिक मसाल्याचे पातळ पापुद्रे होते. आभाळातले डोळ्यांना न दिसणारे कण त्यातून जातात आणि मागं बारीक ठिपक्यांची ओळ ठेवतात. ठिपके मोजून कण ओळखायचा. विलायतेत असे कण पळवायचं मोठं यंत्र बांधून होतं आहे, तिथं असेच पापुद्रे लावायचे, त्याआधीची ही परीक्षा.

"ओलीनं ठिपके पुसतेत, बाई. तुम्ही चूप राह्यल्या असत्या तर आमाले ओळ इरळ दिसली असती, आन आमी म्हनलो असतो, हा नवाच कण गावला. साऱ्या जगात हसू झालं असतं."

गठ्ठा कामी येईल का, हे मात्र त्यांना तेव्हा सांगता आलं नाही.

ज्येष्ठात पत्र आलं. बाहेरचे बारा पापुद्रे बाद, आतले शाबूत. कोणते टाकायचे ते इंदूच्या सांगण्यावरूनच ठरलं. पुढचा गठ्ठा रबर लावलेल्या डब्यात जाणार होता. सोबत नाक्यावर लावायला नवी चिठ्ठी होती, तिच्यात एक ओळ वाढली होती: ओल्या फडक्यात गुंडाळू नये.

नानाजींनी ती दोनदा वाचली. "तीन भाषेत छापली तुही चूक," ते म्हणाले.

"छापू द्या," इंदू म्हणाली, आणि पानांचं फडकं भिजवायला रांजणाकडे गेली.