मशीनवर बसून केलेले अर्ज

आमच्या लाँड्रीतलं मशीन कपडे पिळायला लागलं की चालत दाराकडे निघायचं. त्याला जागेवर ठेवायचा उपाय एकच होता, आमच्या ह्यांनी त्याच्यावर बसायचं. लग्नात हे काडीसारखे होते, तेव्हा काही उपयोग झाला नसता. पिळणं चालू असेपर्यंत हे वर थरथरत बसायचे आणि तशाच आवाजात गिऱ्हाइकांशी बोलायचे. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांना थंडी वाजून ताप आलाय.

नवं मोठं मशीन घ्या म्हणून मी कानीकपाळी ओरडत होते. अशात मागच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या मेट्रनबाई आल्या. चादरी, पडदे, डॉक्टरांचे डगले, सगळं धुणं आम्हाला द्यायला तयार. अट एवढीच की महिनाअखेरीला मोठं मशीन बसलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर काम चौकातल्या लाँड्रीला. ती लाँड्री माझ्या चुलत जावेची. म्हणजे बघा, पोटाचा प्रश्न होता आणि नाकाचाही.

मशीनसाठी कर्ज काढावं लागणार होतं. ते काम ह्यांनी अंगावर घेतलं तेव्हाच मी ओळखलं, महिना काही पुरत नाही. बाजारात ह्यांना चौकशीराव म्हणतात. साधा झाडू घ्यायचा तरी सगळी दुकानं पालथी घालणार, प्रत्येकाला 'घेतोच' म्हणणार आणि शेवटी पहिल्या दुकानात परत येणार. तोवर त्याने झाडू विकलेला असतो.

मी म्हटलं, आधी फोनवर आपला स्कोअर तरी बघा. जुनी उधारी वेळेवर फेडली की नाही यावरून प्रत्येकाचा एक आकडा ठरतो आणि बँका तो बघतात, एवढं मला इस्त्रीला कपडे आणणाऱ्यांच्या गप्पांतून ठाऊक होतं. ह्यांनी मलाच गप्प केलं. म्हणे, आपला स्कोअर आपणच बघितला की खाली येतो. एवढं जपणाऱ्या माणसाने पुढे काय करावं? मशीनवर बसल्या बसल्या, फोनवर दिसेल त्या बँकेत नि कंपनीत कर्जाचा अर्ज टाकून मोकळे. कोण किती व्याज लावतं ते कळावं म्हणून. खाली मशीन थरथरतंय आणि वर हे 'मान्य आहे, मान्य आहे' दाबतायत.

मग नकार यायला लागले. एकाने नाही म्हटलं की हे आणखी दोघांना विचारायचे. महिना संपत आला तेव्हा मी ह्यांना दंडाला धरून, जिथे आमचं खातं आहे त्या बँकेत नेलं.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण बाई होती. तिने ह्यांना त्यांच्याच फोनवर त्यांचा स्कोअरचा अहवाल उघडायला लावला. ह्यांनी बटण दाबलं, पण डोळे मिटून. ती हसली नाही, त्याबद्दल तिला शंभर मार्क. शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः बघितलं, किंवा आम्ही तुम्हाला विचारून नुसता अंदाज घेतला, तर आकडा हलत नाही आणि दुसऱ्या बँकेला ते दिसतही नाही. पण तुम्ही अर्ज केलात की बँक जी पक्की तपासणी करते, तिची नोंद राहते. ती सगळ्यांना दिसते."

एखाद-दुसऱ्या नोंदीने फारसं बिघडत नाही, तिने सांगितलं. पण थोड्या दिवसांत इतक्या दिसल्या की पैसे देणाऱ्याला वाटतं, हा माणूस दारोदार फिरतोय, कुणी उभं करत नाही, मग आपणच का द्यावे.

"मी नुसतं विचारत होतो हो," हे म्हणाले.

झाडूवाला ओळखीचा असतो, तो ऐकून घेतो. बँकेला काय माहीत? ह्यांचा चेहरा असा उतरला की वाटेत ठरवून ठेवलेलं सगळं बोलणं मी गिळलं. राग होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

त्या बाईने विचारलं, लाँड्रीचा परवाना कुणाच्या नावावर आहे? माझ्या. इस्त्रीचं टेबलही मी माझ्या नावावर हप्त्याने घेतलं होतं, एक हप्ता चुकवला नव्हता. मला विचारून तिने माझा नुसता अंदाज घेतला. मान वर केली तेव्हा चेहरा खुलला होता. माझ्या नावावर कर्ज बसत होतं. मात्र आता अर्ज केला की पक्की तपासणी होणार, नोंद राहणार. करू का?

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी घसा खाकरला. झालं, मला वाटलं, आता म्हणणार, अजून एका ठिकाणी विचारून बघू.

"करा," हे म्हणाले. "हिच्या बाबतीत मी तेव्हाही दुसरीकडे चौकशी केली नव्हती."

ती बाई कॉम्प्युटरकडे बघायला लागली. मी सही कुठे करायची ते शोधायला लागले, आणि कागदावरचं काही केल्या नीट दिसेना.

मशीन महिना संपायच्या आदल्या दिवशी बसलं. मेट्रनबाई बघून गेल्या, चुलत जाऊही बघून गेली. पिळताना ते जागचं तसूभर हलत नाही. तरी पिळणं सुरू झालं की हे स्टूल लावून वर चढतात आणि बसतात. मी खालून स्टूल धरते.