अमोनियाची दोन टिंबं

अकरा वर्षं मी एका कॉलेजात कंत्राटावर रसायनशास्त्र शिकवते. माझा नवराही तिथेच, तेच शिकवतो, तोही कंत्राटावर. त्या वर्षी कायमची जागा निघाली ती एकच, आणि अर्ज आम्ही दोघांनीही केला. विषय दिला होता सहसंयुज बंध. मुलांसमोर पाठ घ्यायचा आणि इतर उमेदवारांनी मागच्या बाकावर बसून तो बघायचा, ही आमच्याकडची पद्धत.

या पाठाची माझी वही होती. लाल खडूचं टिंब एका अणूचा इलेक्ट्रॉन, पांढरं दुसऱ्याचा. मिठात एक देतो, दुसरा घेतो. इथे कुणी कुणाला काही देऊन टाकत नाही, दोघंही आपापलं मध्ये ठेवतात आणि दोघांचंही भागतं. त्यातून रेणू होतो. आधी हायड्रोजन, मग क्लोरीन, पाणी आणि शेवटी अमोनिया. अमोनियात मी दरवर्षी मुद्दाम चूक करते. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात, बंध धरून ते आठ व्हायला हवेत. तीन बंधात जातात, दोन उरतात. ते दोन मी फळ्यावर काढतच नाही. गप्प उभी राहते. कुणीतरी मोजतं आणि म्हणतं, "मॅडम, आठ कुठे झाले?" ज्या पोराने ती चूक पकडली, ते जन्मात विसरत नाही.

वहीतही आकृती तशीच चुकीची होती. कोपऱ्यात पेन्सिलीने मासे धरायचा गळ काढलेला. माझी खूण मला पुरेशी होती.

नवऱ्याची चिठ्ठी आधी निघाली. त्याने लाल खडू उचलला तेव्हाच मी ओळखलं. मिठापासून पाण्यापर्यंत सगळं माझंच, मी जिथे थांबते तिथे थांबणंसुद्धा. आयत्या बिळावर नागोबा. मग अमोनिया आला. त्याने तीन बंध काढले, खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, नायट्रोजनचे दोन राहिले. आठ होत नाहीत."

"प्रश्न शेवटी," तो म्हणाला.

शेवटी घंटा झाली. निवड समितीतल्या तिघांपैकी एकालाही रसायनशास्त्र येत नव्हतं. वर्ग कसा हाताची घडी तोंडावर बोट बसला होता, याचं त्यांना कौतुक. मी मागे बसून होते. बोलले असते तर भर वर्गात नवऱ्याचं हसं झालं असतं, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो.

नंतर माझा पाठ झाला. ऐन वेळी दुसरं काय काढणार होते? पाण्यापर्यंत पोचले तोच समितीतले प्राचार्य हसले. "मॅडम, हे तर तुमच्या मिस्टरांचंच की. पुरे आता." माझा अमोनिया राहिलाच.

जागा त्याला मिळाली. सासूबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली, मग माझ्याही. तो म्हणाला, "घरातच आली ना जागा? तुझं-माझं काय वेगळं आहे?"

"वही विचारून घ्यायची होतीस. अमोनियाची आकृती त्यात मुद्दाम चुकीची काढलीय."

"त्यात काय विचारायचं? आणि आकृती खरंच चुकीची असती, तर आधी सांगितलं नसतंस?"

"ती मुलांनी पकडायची असते."

"मग पकडली का कुणी?" असं म्हणून तो चहा ओतायला गेला. हात वर करणारी मुलगी त्याला आठवतही नव्हती.

आता वर्ग तो घेतो. वह्यांचे गठ्ठे तपासायचं काम माझ्याकडे, कारण कंत्राटी माणसाला नाही म्हणता येत नाही. गेल्या आठवड्यात एकसष्ट वह्या आल्या. साठांत अमोनिया दोन टिंबांवाचून. एकसष्टावी त्या मुलीची. तिने ती दोन टिंबं काढली होती आणि त्यांच्यावर लाल शाईने काट मारलेली होती. ती कुणी मारली, हे विचारायची गरज नव्हती; वर्ग तोच घेतो.

मी हिरव्या पेनाने दोन टिंबं पुन्हा काढली. बाजूला लिहिलं, 'तुझं बरोबर आहे.' सही करायला पेन टेकवलं आणि थांबले. तपासलेल्या वहीवर सही कायमच्या शिक्षकाचीच चालते.

वही बंद केली आणि सहीसाठी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.