वाऱ्याच्या जाळीवरचा फ्लेक्स

बाभुळगावच्या नव्या सहकारी जिनिंगचं उद्घाटन होतं आणि अध्यक्ष नरहरराव माइक सोडायला तयार नव्हते. कीर्तनात बुवा पूर्वरंग आटोपून कथेकडे वळतात. यांचा पूर्वरंग स्वतःपासून निघून स्वतःपाशीच घुटमळत होता. संचालकांतली एकटी कास्तकारीण विमलताई. तिची नजर फाटकाकडे होती. बाहेर देवीलाल व्यापाऱ्याचे ट्रक टपून उभे होते. त्या साली कापसाला भाव नव्हता आणि देवीलाल तो मातीमोलानं उचलत होता. आज यंत्रं अडली, तर कापसाच्या बैलगाड्या मुकाट देवीलालकडे वळणार आणि पुन्हा इकडे फिरकणार नाहीत, हे ती जाणून होती.

सरकी वेगळी करणारे रेचे सुरू झाले, रुई उडू लागली. दुपार कलताना ट्रान्सफॉर्मरची धोक्याची घंटा वाजली आणि थोड्या वेळानं सगळं एकदम गप्प!

लोहाऱ्याहून आलेला इंजिनियर मंदार ट्रान्सफॉर्मरच्या खोलीतून घाम पुसत आला. "साहेब, आतली गुंडाळी दीडशे अंशांवर गेली. ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद झाला."

"नवाकोरा असून एवढा घाबरट?" नरहरराव खेकसले. "मर्यादा वाढव. दोनशे कर!"

"आतलं आवरण करपेल, साहेब. याच्यात तेल नसतं, नुसत्या वाऱ्यावर थंड होतो."

"ताप आला का थर्मामीटरचे आकडे खोडता काय वो, अध्यक्षसाहेब?" असं विचारून विमलताई उत्तराला थांबलीच नाही. तरातरा खोलीच्या मागं गेली.

खालच्या जाळीतून वारा आत यायचा, वरच्या जाळीतून बाहेर पडायचा. दोन्ही जाळ्या एका अवाढव्य फ्लेक्सनं झाकल्या होत्या. खाली नरहररावांचे जोडलेले हात, वर त्यांचं कपाळ. मधे दात.

"हे थोबाड इथं कोणं टांगलं?"

"रस्त्यावरून दिसावं म्हणून साहेबांनीच..." मंदार पुटपुटला.

"अन् शिडी कोणं धरली?"

मंदार पायाकडे बघू लागला. वाऱ्याचं सगळं गणित या पोराला पाठ होतं. तोंड उघडायचं तेवढं शिकला नव्हता. विमलताईला दोघांचीही सारखीच शिसारी आली.

तिनं विळ्यानं दोर कापले. फ्लेक्स धाडकन खाली आला.

"अहो ताई! पाहुणे आहेत!" मागोमाग आलेले नरहरराव ओरडले.

"पाहुण्यायले खरं तोंड दाखवा. तेवढं पुरते."

पण तापलेला ट्रान्सफॉर्मर लगेच थोडाच निवतो! फाटकापाशी कापसाची गाडी घेऊन आलेल्या भावसिंगनं बैल वळवायला घेतले होते.

"कुठं चालला रे, भावसिंग?"

"बंद पडलेल्या यंत्रापाशी बसून काय करू, ताई?"

"गाडी खाली कर. इथंच."

"मातीत? कापूस नासते न!"

विमलताईनं फ्लेक्स अंगणात पसरला, चेहरा वर करून. भावसिंगनं एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा फ्लेक्सकडे, आणि हसू दाबत पहिली डालगी थेट मिशांवर ओतली. मागच्या गाड्याही खाली होऊ लागल्या. ओतलेला कापूस पुन्हा भरून देवीलालकडे न्यायला कोणाचे हात शिवशिवत होते?

सावल्या लांबल्या तेव्हा मंदार धावत आला. "नव्वदवर उतरला! साहेब, सुरू करू?"

नरहररावांनी भाषणाआधी खाकरतात तसा घसा साफ केला.

"त्यायले कायले इचारतं?" विमलताई म्हणाली. "दाब बटन."